तुंबलेली मोरी



आज आपण मोरीविषयी बोलू. हसू नका. मोरी तुंबली की सारे घर अडते. पाणी साचते, वास सुटतो, चिलटे येतात.

मोरी का तुंबते? खरकट्या भांड्यांचे तेल-तूप पाइपात जाते. तिथे ते थिजते. त्यावर केस, भाताची शिते, चहाचा चोथा, राख हे सारे चिकटते. हळूहळू पाण्याची वाट बंद होते.

मग काय करावे? आधी जाळी काढा. तारेला आकडा करून आत घाला आणि केस-कचरा ओढून काढा. साचलेले पाणी उपसा. मग तांब्याभर गरम पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा घालून काडीने ढवळा. ते पाणी मोरीत सावकाश ओता. डोळ्यांत उडू देऊ नका. अर्धा तास थांबा. सोड्याने तेल-तूप सुटते, त्याचा जणू साबणच होतो. मग बादलीभर गरम पाणी ओता. पाइप प्लॅस्टिकचा असेल तर उकळते पाणी नको. पाइप मऊ पडतो.

कोणी म्हणेल, खायचा सोडा आणि लिंबू टाकले तर कसे फसफसते! फसफसते खरे. पण फेस म्हणजे जोर नव्हे. आंबट आणि सोडा एकत्र आले की दोघांचाही जोर जातो. लिंबू सरबताला ठेवा.

आता नीट ऐका. एकदा आमच्या घरी मोरी तुंबली. आम्ही तीत ब्लीचिंग पावडर टाकली. पाणी हटेना, म्हणून वरून ॲसिड ओतले. लागलीच उग्र वास उठला. डोळे झोंबले, खोकून जीव घाबरा झाला. शेजारच्या खोलीत नात निजली होती. तिला उचलून बाहेर धावलो, म्हणून निभावले. तो क्लोरीन नावाचा विषारी वायू होता. दोन्हींवर सूचना छापलेली होती. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, पण आम्ही स्वतः ती वाचली नाही!

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. बाटलीवरची अक्षरे आधी वाचा. मराठीत नसतील तर जाणत्याला विचारा. मोरीत दोन औषधे कधी एकत्र करू नका.

आणि मोरी तुंबूच नये म्हणून खरकटे व राख उकिरड्यावर टाका. तेलकट भांडे आधी कागदाने पुसा. मोरीला जाळी बसवा. एवढे केले तर सोड्याचीही गरज क्वचितच पडेल.