बोट सुटण्याआधी सांगा

माझे वडील तरुणपणी मुंबईहून मालवणला यायचे ते भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीनं. डेकवर चादर पसरायची, ट्रंकेला पाठ टेकायची आणि भूक लागली की घरून बांधून आणलेली भाकरी सोडायची. मालवण आलं की बोट समुद्रात दूर उभी राहायची आणि पडावात बसून किनाऱ्याला यायचं. ज्याची शिदोरी त्याच्याजवळ, त्यामुळे जेवायचं काय हा प्रश्न कुणाला पडत नसे.

मी मात्र आयुष्याची २१ वर्षं अशा जहाजांवर काढली, जिथं शिदोरी न्यावी लागत नाही. १९९८ साली क्रूझच्या जहाजावर असिस्टंट वेटर म्हणून चढलो आणि २०१९ साली हेड वेटर म्हणून उतरलो. आता आपल्याकडची पुष्कळ मंडळी क्रूझच्या सहलीला जातात. कुणी सिंगापूरहून, कुणी भूमध्य समुद्रात, कुणी अलास्काला. गावात कुणी निघालं की माझ्याकडे येऊन विचारतं, ‘काय काय बघायचं तिथं?’ काय बघायचं ते माहितीपत्रकात असतं. मी आज तुम्हाला टेबलाच्या पलीकडे उभ्या असणाऱ्या माणसाला काय दिसतं, ते सांगणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जहाज धक्क्यावरून सुटलं की त्याला दुकान नाही. दोन-तीन हजार प्रवाशांचं आठवडाभराचं धान्य, भाजी, दूध, फळं बहुतेक सगळं निघतानाच भरलेलं असतं. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, उद्याच्या जेवणाची तयारी आज रात्रीच सुरू होते. म्हणून खाण्यापिण्याचं पथ्य असेल, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, कांदा-लसूण चालत नसेल, तर ते तिकीट काढतानाच कळवा. जैन जेवण हवं असेल तर निघण्याच्या काही आठवडे आधी लेखी कळवा आणि त्याचं उत्तर आलं का तेही बघा. मग पहिल्या दिवशी जहाजावर चढल्यावर डायनिंग रूमच्या मॅनेजरला भेटून एकदा तोंडी सांगा.

दुसरी गोष्ट, नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. आपला शाकाहार आणि तिकडचा शाकाहार एक नाही. काही जणांच्या लेखी व्हेजिटेरियन माणूस अंडं खातो, मासाही खातो. सूप भाज्यांचं दिसतं, पण ते कोंबडीच्या नाहीतर गोमांसाच्या हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही नावाचे बारके मासे वाटून घातलेले असतात. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं. म्हणून स्पष्ट सांगा, मांस नको, मासा नको, अंडं नको, हाडांचं पाणी नको. एकदा असं सांगितलंत की हेड वेटर रोज रात्री उद्याचं मेनू कार्ड तुमच्यापुढे ठेवतो. त्यावर खूण केलीत की दुसऱ्या दिवशी तुमचं ताट वेगळं तयार होतं. त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.

हे इतकं बजावून का सांगतो, त्याला कारण आहे.

२००९ साली आम्ही बार्सिलोनाहून सात रात्रींच्या सफरीला निघालो होतो. मी तेव्हा वेटर होतो. माझ्या वाट्याला २२ माणसं. त्यात पुण्याचं एक वयस्क जोडपं होतं. आठ जणांच्या टेबलावर बाकीचे सहा परके. पहिल्या रात्री काकांनी मेनू कार्डावर बोट ठेवून काहीतरी मागवलं, काकूंनी मानेनंच ‘तेच’ म्हणून सांगितलं. सूप आलं. काकूंनी वास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. पुढचं ताटही तसंच. पाव-लोणी तेवढं खाल्लं.

काका हळूच म्हणाले, ‘‘अगं, विचार ना त्याला दुसरं काही मिळेल का.’’

‘‘एवढ्या लोकांत कुठं विचारत बसू? राहू दे. उगाच आपलं हसं.’’

मी मागंच उभा होतो. मला सगळं समजलं. ‘काकू, मी मालवणचा’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण हातात भरलेला ट्रे होता आणि पुढच्या पंगतीची टेबलं अर्ध्या तासात मांडायची होती. उद्या बोलू, असं म्हणून मी ताटं उचलली.

दुसरा दिवस अख्खा समुद्रावर होता. काकूंनी सकाळी चहा आणि टोस्ट घेतला. दुपारी बुफेत कशात काय आहे कळेना, म्हणून थोडी फळं घेतली. संध्याकाळी रोजच्या वेळेला डायबेटीसची गोळी मात्र घेतली. घरी त्या साडेसातला जेवायच्या. जहाजावर त्यांचं जेवण साडेआठच्या पंगतीला होतं. टेबलावर येऊन बसल्या, ऑर्डर झाली, पहिला पदार्थ यायला वेळ लागला. मी पाणी ओतायला गेलो तर त्यांच्या हातातला काटा खाली पडला. कपाळावर घाम. काकांशी बोलत होत्या ते शब्द लागत नव्हते.

माझ्या आईला हाच आजार आहे. मी संत्र्याच्या रसात दोन चमचे साखर घातली आणि म्हटलं, ‘‘काकू, आधी हे प्या. बाकी नंतर.’’ त्या प्यायल्या. जहाजावरच्या दवाखान्यातून नर्स आली, बोटातलं रक्त तपासलं. साखर ५४. पुन्हा रस दिला. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांची नजर जागेवर आली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘अरे, तू मराठी?’’

कर्मचाऱ्यांच्या भटारखान्यात गोव्याचा एक कुक होता. त्याच्याकडून गरम वरण-भात आणला. काकूंनी एक शितही टाकलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या भिडेपोटी बोलल्या नाहीत आणि मी घाईपोटी. भीड त्यांची, घाई माझी, आणि शेवट काय झाला असता कोण जाणे. त्यानंतर जहाज सोडेपर्यंत मी एक नेम पाळला. पहिल्या रात्री ज्यांचं ताट परत येईल त्यांच्याजवळ जाऊन विचारायचं. पण श्रोतेहो, प्रत्येक वेटर विचारीलच असं नाही. तुम्ही विचारा. वेटरला विचारण्यात हसं होण्यासारखं काही नाही, त्याचं तेच काम आहे.

आता जेवणाच्या वेळांविषयी. मोठ्या डायनिंग रूममध्ये पुष्कळदा दोन पंगती असतात. पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. काही जहाजांवर हव्या त्या वेळी जाता येतं. गोळ्या-औषधं वेळेवर घेणाऱ्यांनी आपल्या वेळेशी जुळणारी पंगत आधीच मागावी. दुसरी पंगत घेतलीत तर संध्याकाळी काहीतरी खाऊन घ्या. परक्यांबरोबर बसायचं नसेल तर वेगळं टेबल मागा, तेही पहिल्याच दिवशी. ज्या रात्री नीटनेटके कपडे घालून या म्हणतात, त्या रात्री साडी किंवा सलवार-कुर्ता अगदी चालतो. साध्या सुती साडीतल्या बाईंना सगळी डायनिंग रूम वळून बघते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

नेहमीचं जेवण तिकिटात धरलेलं असतं. साधं पाणी, चहा, कॉफीही बहुधा असते. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बहुतेक जहाजं ते समुद्राच्या पाण्यापासून तयार करतात. मात्र थंड पेयं, दारू आणि खास रेस्टॉरंटं यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. एक कार्ड देतात, त्यावरच सगळं चढत जातं आणि हिशेब शेवटी समोर येतो. शिवाय अनेक जहाजांवर माणशी रोजची टिप आपोआप त्यात धरतात. तेव्हा एक दिवसाआड काउंटरवर जाऊन बिल बघा. मोबाइलही जहाज निघताना एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रावरच्या नेटवर्कचं बिल सहलीचा आनंद घालवतं.

बुफेविषयी दोन शब्द. हात साबणानं धुऊनच आत जा. दाराशी हातावर देतात तो सॅनिटायझर पुरत नाही. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ बहुधा नोरोव्हायरस नावाच्या विषाणूमुळे पसरते आणि त्याच्यावर अल्कोहोलचा फारसा उपाय चालत नाही. साबण-पाण्यानं २० सेकंद हात चोळणं हाच खरा उपाय. पोट बिघडलंच तर लपवू नका. केबिनमध्ये बसवून ठेवतील, पुढचं गाव बघायला मिळणार नाही, या भीतीनं लोक गप्प राहतात आणि बुफेतला तोच चमचा मग शंभर जण हातात घेतात. केबिनमधून फोन करा. जेवण तिथं आणून देतात.

आणि ताटात थोडं थोडं घ्या. पुन्हा जायला कुणी अडवत नाही. टाकलेलं अन्न वेगळं काढायचं, दळायचं, त्याची विल्हेवाट लावायची, हे सगळं खालच्या डेकवर माणसंच करतात.

राहण्याविषयी थोडं. धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री अनेक जहाजांवर बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि बूट काढून घ्यायला विसरू नका. गाऊनवर आणि स्लिपर घालून जहाजातून उतरलेली माणसं मी दरवर्षी बघितली. इस्त्री, पाण्याची किटली केबिनमध्ये चालत नाही. उदबत्ती आणि निरांजनही नाही. समुद्रावर आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नसतं. देवाला हात जोडा, तेवढं पुरतं.

बोट लागायचा त्रास असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा, तिथं हेलकावे कमी जाणवतात. गोळी डॉक्टरांना विचारून, डोलायला लागण्याआधी घ्यायची. आलं चघळावं, कोरडी बिस्किटं खावीत, मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघावं. उपाशी मात्र राहू नये.

पहिल्या दिवशी संकटाच्या वेळी कुठं जमायचं याची कवायत असते. भोंग्याचे सात आखूड आवाज आणि एक लांब. लोकांना कंटाळा येतो. कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. नंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती करावी लागते. हल्ली बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा टीव्हीवर माहिती बघून आपल्या जागेवर हजेरी द्यायची असते. दहा मिनिटांचं काम आहे. आपली जागा डोळ्यांनी बघून या, आणि केबिनपासून तिथपर्यंत जिन्यानं एकदा चालून बघा.

शेवटी आमच्याविषयी. आमचा करार सहा ते नऊ महिन्यांचा. त्यात सबंध सुट्टीचा दिवस असा नसतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे काम किती, हे तुम्हीच मोजा. माझ्या दोन्ही मुलींच्या बारशाला मी समुद्रावर होतो. तक्रार म्हणून सांगत नाही, त्याच पगारावर घर उभं राहिलं. पण तुमच्या वेटरचं नाव विचारा. काम आवडलं तर शेवटच्या दिवशीच्या अभिप्रायात त्याचं नाव लिहा. पुढच्या करारात त्याला बढती मिळायला त्याचा उपयोग होतो.

त्या पुण्याच्या काकू दुसऱ्या प्रसंगानंतर पहिल्या पंगतीला येऊ लागल्या. माझ्याच टेबलावर. रोज रात्री चष्मा लावून उद्याचं कार्ड वाचायच्या आणि प्रत्येक पदार्थात काय आहे ते मला विचारायच्या. शेजारचे परके पाहुणेही त्यांचं बघून विचारायला लागले. शेवटच्या रात्री म्हणाल्या, ‘‘पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर एवढं झालंच नसतं, नाही का रे?’’

मी म्हटलं, ‘‘काकू, मीही पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.’’

तेव्हा श्रोतेहो, सहलीला जरूर जा. जे काही सांगायचं असेल ते बोट सुटण्याआधी सांगा. ते राहून गेलं तर पहिल्या रात्री सांगा, दुसऱ्या रात्रीची वाट बघू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)