गणित सोडण्याआधी



समोर दहावीची मुलं-मुली आहेत, बारावीची आहेत आणि मागच्या रांगेत काही अम्मी-अब्बाही बसलेत. हे बरं झालं, कारण कोर्स निवडायचा निर्णय आपल्याकडे एकट्या मुलाचा नसतो.

मी कॉमर्स शिकवतो. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो : "सर, बी.कॉम. करू, बीबीए करू की इकॉनॉमिक्स? स्कोप कशाला आहे?" मी उलट विचारतो, "अकरावीला गणित घेतलं होतंस की एस.पी.?"

एक विद्यार्थिनी आठवते. अब्बा टेम्पो चालवायचे. बारावी कॉमर्सला तिला ८६ टक्के पडले. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं तिच्या मनात होतं. त्यासाठी बारावीला गणित लागतं. तिने गणिताऐवजी एस.पी. घेतलं होतं, कारण शेजारच्या बाजीने सांगितलं होतं, "गणितात मार्क जातात." अकरावीच्या फॉर्मवरच्या एका खुणेने दार बंद झालं आणि ते घरात कुणाला कळलंही नाही. तिने गावातच अर्थशास्त्रात बी.ए. केलं, सोबत गणिताची शिकवणी लावली, मग एम.ए.ची प्रवेश परीक्षा दिली. पोहोचली, पण तीन वर्षं दुप्पट राबून.

म्हणून दहावीच्या मुलांना पहिली गोष्ट : कॉमर्सला जायचं असेल तर भीतीपोटी गणित सोडू नका. गणित घेऊन पुढे सोडता येतं. सोडलेलं परत धरणं महाग पडतं.

आता बारावीच्या मुलांसाठी. तीन वाटा आहेत.

बी.कॉम. साधी वाटते, म्हणून तिला कमी लेखतात. अनुदानित कॉलेजात फी कमी. बऱ्याच ठिकाणी वर्ग सकाळी सुटतात, दिवसभर काम करता येतं. पण नुसत्या बी.कॉम.वर थांबू नका. सोबत सीए, सीएस किंवा सीएमए लावा. सीएची फाउंडेशन बारावीनंतर देता येते. ती राहून गेली तरी कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते. आर्टिकलशिप आता २ वर्षांची आहे आणि तिथे स्टायपेंड मिळतो. सीए नाहीच जमलं, तरी जीएसटी, टॅली आणि एक्सेल नीट येणारा मुलगा रिकामा बसत नाही.

दुसरी वाट बीबीए-बीएमएसची. बोलायची आवड असेल, विक्री-मार्केटिंगमध्ये लवकर कामाला लागायचं असेल, तर चांगली. पण एक ध्यानात घ्या : एमबीएसाठी बीबीए लागत नाही, कोणतीही पदवी चालते. तेव्हा "पुढे एमबीए करायचंय" एवढ्याच कारणासाठी लाखांची फी भरू नका. २०२४ पासून महाराष्ट्रात या कोर्सना सीईटी आहे. मुंबईत काही कॉलेजांनी नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं. त्यामुळे पाटीवरचं नाव पाहू नका, सहा सेमिस्टरचे विषय वाचा.

तिसरी वाट अर्थशास्त्राची. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्राची बी.एस्सी. आहे. या विषयात आज गणित आणि संख्याशास्त्र भरपूर आहे. ते आवडत असेल तरच या. ही लांबची वाट आहे. यूपीएससीमार्फत होणाऱ्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. घरी पाच वर्षं थांबायची तयारी आहे का, हे आधी बोलून घ्या.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा "शंभर टक्के प्लेसमेंट" असा फलक दिसेल. तिथे तीन प्रश्न विचारा. मागच्या वर्षी किती मुलं पास झाली आणि त्यातल्या किती जणांना नोकरी लागली? सगळ्यांत मोठा पगार नको, मधल्या मुलाचा पगार किती? आणि काम काय मिळालं? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर तेच उत्तर समजा. मग गेटबाहेर उभं राहून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हेच विचारा.

अब्बांनो, पैशाचं बोलू. जमीन किंवा दागिने विकायच्या आधी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या पाहा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. तांबोळी, बागवान, मोमीन अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला असेल, तर ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क २०२४ पासून माफ आहे. तुमचा कोर्स आणि कॉलेज त्यात बसतं का, हे फी भरण्याआधी विचारा. दाखल्यांची धावपळ निकालानंतर नको, आत्ता सुरू करा.

अम्मींनो, "मुलगी आहे, जवळचं कॉलेज बघू" हे मी खूप ऐकतो. जवळचं चांगलं असेल तर जरूर घ्या. पण जवळ आहे एवढ्याच कारणासाठी नको. मुलाला जे तीन प्रश्न विचारता, तेच मुलीच्या कॉलेजलाही विचारा.

शेवटचं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम.ए. केलं ते अर्थशास्त्रात, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. नोकरी तर हवीच. पण नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या मोहल्ल्याच्या गटाराला किती पैसे ठेवले आणि किती खर्च झाले, हे वाचू शकणारी मुलंही आपल्याला हवी आहेत. ते वाचणारा तुमच्यातलाच कुणी असेल.

आता प्रश्न विचारा. मुली आधी.