कोतवाल-बुकातील आपले पूर्वज
(सालेकसा येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी काहींच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेतली. काहींनी अगदी अलीकडे हा मार्ग धरला. दोघेही मला, वकील म्हणून, एकच प्रश्न विचारतात : "जी जात आम्ही टाकून दिली, तिचेच नाव जुन्या दप्तरात शोधत फिरावयाचे, ही कसली विटंबना?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आज देणार आहे.

प्रथम कायदा पाहू. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्यात बौद्धांस स्थान नव्हते; ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. धर्म बदलल्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची भरपाई थांबू नये, हे संसदेने मान्य केले. परंतु महाराष्ट्राच्या २००१ च्या अधिनियम क्रमांक २३ प्रमाणे जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे. पडताळणी समितीपुढे १९५० पूर्वीचा कागद जितका जुना, तितके त्याचे वजन अधिक.

असा कागद कोठे सापडेल? आपला मुलूख मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. मध्यप्रांतात गावातील जन्म-मृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर नेण्याचे काम कोतवालाचे असे, आणि अनेक गावी हा कोतवाल महारच असे. बुक त्याच्या काखेत, लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती! ज्याला पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याच्याच पायांनी सरकारचे हे दप्तर चालले. म्हणून ही बुके परक्यांची समजू नका.

त्या काळच्या लग्नाची नोंद मिळेल काय, असेही पुष्कळ जण विचारतात. १८८६ साली जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा झाला खरा. पण त्यातील विवाहाचा भाग मुख्यतः ख्रिस्ती, पारशी अशांपुरता होता. आपल्या पणज्यांची लग्ने मांडवात लागली, कागदावर उतरली नाहीत. तरी निराश होऊ नका. स्त्रीच्या मृत्यूच्या नोंदीत तिच्या नावापुढे 'जौजे' अमुक, म्हणजे अमुकाची पत्नी, असे लिहिलेले आढळते. जिच्या लग्नाची दखल सरकारने घेतली नाही, तिच्या लग्नाचा पुरावा तिच्या मरणाच्या ओळीत सापडतो.

अशा आणखी काही संज्ञा ध्यानात ठेवा. 'वल्द' म्हणजे अमुकाचा मुलगा, 'बेवा' म्हणजे विधवा, 'साकिन' म्हणजे राहणार, 'फौत' म्हणजे मृत, 'कौम' म्हणजे जात. आडनाव बहुधा नसते. जन्माच्या नोंदीत कित्येकदा मुलाचे नावही नसते; बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. म्हणून एका ओळीवर विसंबू नका. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, मिसल बंदोबस्त आणि घरातील वृद्धांची स्मृती यांच्याशी ती ओळ ताडून पाहा. 'मेहरा' असे लिहिलेले दिसल्यास कागद टाकून देऊ नका. महाराष्ट्राच्या यादीत महार व मेहरा एकाच नोंदीत आहेत. आपल्या सोयरिकी लांजी, डोंगरगडपर्यंत पसरलेल्या आहेत. तेव्हा आजीच्या माहेरचा धागा बालाघाटच्या किंवा छत्तीसगडच्या दप्तरात असू शकेल.

नोंद सापडली, की गाव, वर्ष व अनुक्रमांक टिपून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून प्रमाणित नक्कल मागा. जुना कागद हाताळून झिजतो. विलंब करू नका. वडिलांकडील रक्ताच्या नातलगास वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर वंशावळीसह तेही जोडा. मात्र मूळ नोंदीत एका अक्षराचीही खाडाखोड करू देऊ नका. दक्षता पथक मूळ बुक पाहते. खोट्या कागदाने खरा हक्कही बुडतो आणि वर शिक्षा होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. त्या ओळीतील जातीचे नाव हे तुमचे नाव नव्हे. तो एका गुन्ह्याचा पंचनामा आहे. मारहाण झालेला मनुष्य न्यायालयात जखमेचा दाखला दाखल करतो, तेव्हा तो जखमेचा अभिमान मिरवीत नसतो. तो न्याय मागत असतो. आपणही तेच करीत आहोत. त्या कागदापुढे मान खाली घालण्याचे कारण ज्यांनी अन्याय केला त्यांना आहे, आपणास नाही.

आणि एक कर्तव्य आपले स्वतःचे आहे. आता लेखणी आपल्या हाती आली आहे. जन्म व मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवा. विहारात मंगल परिणय झाला, की १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत विवाहाची नोंद करा. वंशावळ लिहिताना केवळ पुरुषांची नावे लिहून थांबू नका; आई, आजी, पणजी यांची नावे व त्यांची माहेरची गावेही लिहा. आपल्या पणजीला आपण तिच्या मृत्यूच्या ओळीत शोधले. आपल्या पणतीला तसे शोधावे लागू नये.

जय भीम!