परगावी गेलेल्यांचा शब्द आणि गावाचा कौल



पोटापाण्यासाठी जो गाव सोडतो, त्याने गावच्या भवितव्याविषयी बोलावे काय? आणि बोलावयाचे तर कोणत्या अधिकाराने? आपल्या सीमाभागात हा प्रश्न घरोघरचा आहे. ज्याचा एखादा मुलगा पुण्यामुंबईस स्थायिक झालेला नाही असे घर बेळगाव, खानापूर, निपाणीकडे विरळाच. जो मागे राहिला तो म्हणतो, 'तुम्हाला तिकडे बसून बोलावयास काय जाते?' जो गेला तो म्हणतो, 'देहाने गेलो, पण माझी नाळ येथेच पुरली आहे.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्याचा निवाडा करण्यासाठी मी शेजारच्या गोमंतकाचा इतिहास आपणापुढे ठेवणार आहे. कारण तेथे हा प्रश्न चर्चेपुरता न राहता मतपेटीपर्यंत जाऊन पोहोचला.

परगावी गेलेल्या गोवेकराने मायभूमीला काय दिले, हे आधी पाहू. मुंबईत त्याने गावोगावच्या 'कुडी' उभारल्या. बोटीवरचा खलाशी असो वा हॉटेलातला स्वयंपाकी, त्या परक्या शहरात गावाच्या नावाने त्याला पथारी टाकण्यापुरती हक्काची जागा मिळाली. कोंकणीतील पहिले नियतकालिक १८८९ साली निघाले ते पुण्यास, आणि पहिला तियात्र १८९२ साली रंगला तो मुंबईस! स्वातंत्र्याच्या लढ्याचीही तीच कथा. चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य पॅरिसला शिकले आणि परत येऊन १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहियांनी सालाझारशाहीची बंदी मोडली. त्यांना गोव्यात आपल्या असोळण्याच्या घरी नेणारे डॉ. जुलियांव मिनेझिस हे मुंबईत वैद्यकी करणारे गोवेकरच होते. सारांश, परगावी गेलेला माणूस मायभूमीला पारखा होतो हा सिद्धान्त गोमंतकापुरता तरी साफ खोटा ठरला आहे.

आता दुसरी बाजू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि लगोलग वाद उभा राहिला, की गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की आपले वेगळे अस्तित्व राखावे? कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या विरोधकांचे अग्रणी डॉ. जॅक सिक्वेरा यांची मागणी अशी, की परगावी असलेल्या गोवेकरांनाही मत असावे. ती मान्य झाली नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी रहिवाशांनी मत दिले: विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७०, केंद्रशासित प्रदेशाच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनाला तो कौल लागला, हे मी जाणतो. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. ज्यांनी विलीनीकरणाला विरोध केला, त्यांनी तो मराठीतूनही केला. मडगावच्या 'राष्ट्रमत' दैनिकात उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर चाले ते मराठीतच. भाषा एक असली म्हणजे मत एक असलेच पाहिजे असे नाही, हा त्या कौलाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा मताधिकाराचा. परगावच्या गोवेकरास मत नाकारले, हा अन्याय होता काय? प्रश्न सोपा नाही. कुन्य यांना पोर्तुगीजांनी आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालच्या तुरुंगात डांबले. तेथून सुटल्यावर ते निसटून मुंबईस आले आणि गोवा मुक्त होण्यापूर्वीच, १९५८ साली, मुंबईतच त्यांनी देह ठेवला. ते १९६७ पर्यंत हयात असते आणि मुंबईसच राहिले असते, तर ज्या भूमीसाठी तुरुंग भोगला तिच्या कौलात त्यांना मत नसते! हे शल्य खरे आहे. तरीही मी म्हणेन, की तत्त्व बरोबर होते. कौलाचा परिणाम उद्या सकाळी ज्याच्या शाळेत, कचेरीत, बाजारात उतरणार, निर्णय त्यानेच करावा. स्कॉटलंडने १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वातंत्र्याविषयी कौल घेतला तेव्हा हाच दंडक ठेवला. ब्रिटनच्या इतर भागांत राहणाऱ्या लक्षावधी स्कॉटिश माणसांना मत नव्हते. उलट स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या पोलिश कामगाराला होते. शेकडा ८४.६ मतदान झाले आणि ५५.३ विरुद्ध ४४.७ असा निकाल लागला. आपला कायदाही तेच सांगतो: गावी केवळ घर असल्याने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही आणि एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही.

मग परगावी गेलेल्याने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. त्याला निर्णयाचा अधिकार नाही, म्हणून कर्तव्य संपत नाही. उलट तेवढेच उरते. पहिले कर्तव्य सत्याचे. आपला सीमावाद १९५६ पासून चालू आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि ८६५ गावांवरील हक्क सांगितला जातो. यांतील कागद न् कागद वाचून समजावून सांगणारे वकील, अध्यापक, संशोधक आपल्यातूनच परगावी गेले आहेत. त्यांनी घोषणांपेक्षा माहिती पाठवावी. दुसरे कर्तव्य सेवेचे. गावची मराठी शाळा आणि वाचनालय टिकले तर वाद घालावयास भाषा उरेल. स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून गावकऱ्यांना मराठीवर व्याख्यान देणे शोभत नाही. तिसरे कर्तव्य संयमाचे. दुरून चिथावणी देणे फार सोपे. लाठी मात्र मागे राहिलेल्याच्या पाठीवर पडते. ज्या आंदोलनाची किंमत आपण भरणार नाही, त्याची हाक आपण देऊ नये.

आणि शेवटचे कर्तव्य कौल मानण्याचे. गोमंतकात कौलानंतर वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी, स्वतंत्र राज्य झाले. विलीनीकरणासाठी झटलेली माणसेही त्याच राज्याची नागरिक म्हणून नांदली. मराठी वृत्तपत्रे, नाटके, भजने तेथे चालूच राहिली. कौल विरुद्ध गेला म्हणून त्यांनी गाव टाकला नाही.

सीमाभागातील जनतेला असा कौल देण्याची संधी आजवर मिळालेली नाही, ही आपली खंत आहे. ती संधी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी निर्णय येथे राहणाऱ्यांचा असेल. तो त्यांना निर्भयपणे आणि डोळसपणे घेता यावा एवढी तयारी करून देणे, हेच परगावी गेलेल्या प्रत्येकाचे ऋण आहे. ते फेडावयास आजपासूनच लागू या.