कुरणावर गेलेली शाळा

प्राथमिक शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा कायद्यापासून सुरू होते, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत उलटून कित्येक वर्षे गेल्यावर, २००९ साली, शिक्षण हक्काचा कायदा झाला. हे सारे आवश्यकच होते. कायदा शाळा उघडू शकतो, मुलाचे नाव पटावर घालू शकतो, पालकाला दंडही करू शकतो. परंतु सकाळी गुरे सोडून रानात गेलेल्या मुलाने फळ्यासमोर येऊन बसावे कसे, हे कायद्याला सांगता येत नाही. तो प्रश्न शेवटी खेड्यातील शिक्षकापुढे येऊन उभा राहतो.

या प्रश्नाला ज्यांनी आपले उभे आयुष्य दिले, अशा एका शिक्षिकेविषयी आज मी बोलणार आहे. त्यांचे नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यात झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य, असे त्यांचे बालपण संपले. त्या काळच्या रूढीप्रमाणे पुढचा मार्ग माजघरातच संपावयाचा. परंतु त्या शिकू लागल्या. व्हर्नाक्युलर फायनल आणि पाठोपाठ पुण्यात अध्यापनाचे शिक्षण, ही त्या काळी निराधार स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभे करणारी मोजकी साधने होती. प्रथम नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण शाळेत आणि १९३३ पासून पुण्याच्या हुजुरपागेत त्यांनी अध्यापन केले. नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी पन्नाशी गाठल्यावर मिळविली.

१९४५ साली त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे कार्य केले होते. माँटेसरी पद्धत शहरातील सुखवस्तू घरांपुरती राहू नये, ती खेड्यात गेली पाहिजे, हा ध्यास घेऊन त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षण केंद्र काढण्याचे ठरविले. ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे आणि अनुताईंचे पस्तीस. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून अनुताई बोर्डीला गेल्या.

ते वर्षही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव या भागांतील वारली समाज किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठला होता. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोने वर्षानुवर्षे मालकाकडे राबावे, अशा ‘लग्नगडी’ पद्धतीत माणसे अडकली होती. ज्या घरात आईबाप दुसऱ्याच्या दारी बांधलेले, त्या घरातील मूल कोणाची गुरे राखणार आणि धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, हे वेगळे सांगावयास नको.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. मुले आली, परंतु ती बऱ्या स्थितीतील घरांची. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती हरिजन वस्तीतील आणि आदिवासींची मुले काही येईनात. बहुतेक शाळा अशा वेळी गैरहजेरीचा शेरा मारतात आणि पालक अडाणी आहेत असे म्हणून मोकळ्या होतात. ताराबाई आणि अनुताई यांनी निराळा निष्कर्ष काढला. मूल शाळेत येत नसेल, तर दोष मुलाकडे शोधण्यापूर्वी शाळा कोठे भरते आणि केव्हा भरते, हे पाहिले पाहिजे. मग शाळा वस्तीत गेली, घरापुढच्या अंगणात भरू लागली. अंगणातील ही बालवाडी म्हणून ‘अंगणवाडी’.

अंगणात आल्याबरोबर शाळेचे रूप पालटले. शहरातून विकत आणलेल्या महागड्या साधनांच्या जागी चिंचोके, शिंपले, दगडगोटे, पाने आणि बिया आल्या. मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे, हे सारे त्यांतून साधते. अक्षराच्या आधी आंघोळ आली, नखे कापणे आले, खरजेला औषध लावणे आले. शिक्षिकेने आपल्या मुलाचे अंग हाताने धुतलेले आई दारातून पाहते, तेव्हा तिला शाळेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू तालुक्यातील हा वारली पाड्यांचा मुलूख. येथे अंगणही अपुरे ठरले, कारण जरा मोठी मुले दिवसभर अंगणात नसतच. ती गुरांमागे रानात असत. तेव्हा शिक्षक फळा आणि साहित्य घेऊन कुरणावर गेले. गुरे चरत आहेत, मुलांचे एक लक्ष त्यांच्याकडे आहे, आणि झाडाखाली अक्षरे व अंक गिरविले जात आहेत. या शाळेला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असली, म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन बसणारी थोरली बहीणही मोकळी होते; या एकत्र मांडणीला ‘विकासवाडी’ म्हणत.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शाळाच कुरणावर नेली, तर मुलाने गुरे राखावी ही गोष्ट आपण मान्य केली असे होत नाही काय? मुलाला कष्टातून सोडविण्याऐवजी त्या कष्टांशी शाळेने तडजोड केली काय? कायद्याच्या आणि न्यायाच्या दृष्टीने हा आक्षेप खरा आहे. मुलाची जागा गुरांमागे नाही. परंतु दारिद्र्य हटेल तेव्हा मूल मोकळे होईल, आणि मूल मोकळे होईल तेव्हा त्याला शिकवू, असे म्हणत बसले, तर आज आठ वर्षांचे असलेले मूल तोवर बाप झालेले असते. कुरणशाळेने दारिद्र्य मान्य केले नाही. दारिद्र्याची सबब सांगून मुलाला वाट पाहावयास लावणे तेवढे नाकारले. समाजाने ती अवस्था बदलण्याची जबाबदारी यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट, ज्याला अक्षर आले, हिशेब कळला, त्या मुलाला पुढे सावकाराच्या कागदावर डोळे मिटून अंगठा उठविण्यास लावणे अवघड जाते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर सुमारे एकोणीस वर्षे अनुताईंनी कोसबाडची धुरा वाहिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. बोर्डीला पाऊल ठेवल्यापासून ही सत्तेचाळीस वर्षांची सेवा होय. दरम्यान, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज हा मराठी शब्द भारतातील बहुतेक सर्व भाषांतील माणसे नित्य वापरतात.

नाव देशभर गेले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण नाव जाते त्या वेगाने त्यामागचा विचार जात नाही. फलक लावून, खाऊ वाटून आणि नोंदवही भरून अंगणवाडी चालते. तिच्यातील मूळचे तत्त्व मात्र फलकावर लिहिता येत नाही. ते तत्त्व असे, की शिक्षकाने आपल्या वेळापत्रकाहून मुलाचा दिवस अधिक खरा मानावा. ऊसतोडीच्या हंगामात पालामागोमाग हिंडणारी, वीटभट्टीवर मुक्काम करणारी मुले आजही पटावर असतात आणि वर्गात नसतात. त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करण्यास क्षणभर पुरतो. ते मूल या घटकेला कोठे आहे आणि तेथे आपल्याला जाता येईल काय, असे विचारण्यास मात्र शिक्षकाजवळ स्वभाव लागतो, आणि तसा शिक्षक टिकावा म्हणून समाजाजवळ औदार्य लागते. योग्य वेतन, पुरेसे सहकारी आणि प्रयोग फसला तर सांभाळून घेणारे वरिष्ठ, हे त्या औदार्याचे व्यवहारातील रूप होय. एकट्या शिक्षकाच्या त्यागाचे गोडवे गाऊन ही जबाबदारी टाळता येणार नाही.