पाण्याची बाटली आणि पासपोर्ट

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



भाषण करायची मला सवय नाही. मेळाव्यात मी सतरंज्या घालणारी आणि घोषणा देणारी. पण मी एकटी विमानाने शिकागोला जाऊन आले हे मागच्या बैठकीत निघालं आणि ताई म्हणाल्या, हे सगळ्यांना सांग. म्हणून उभी राहिले.

माझी मुलगी तिकडे नोकरीला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचं बाळंतपण होतं. माझं वय तेव्हा त्रेसष्ट. बातमी कळल्याबरोबर भाऊ म्हणाला, "एकटी कशी जाशील? कुणीतरी सोबत पाहिजे." सोबतीच्या तिकिटाचे पैसे कोण देणार, ते तो बोलला नाही. ज्या बाईने पस्तीस वर्षं एकटीने घर चालवलं, तिला विमानात बसायला मात्र सोबत लागते!

तयारी खरी सुरू झाली २०१८ साली, पासपोर्टापासून. तुमच्यापैकी पुष्कळजणींना माहीत आहे, मला नवऱ्याने १९८८ साली टाकलं. घटस्फोट झाला नाही, मी कोर्टात गेले नाही. अर्जात मी "विभक्त" लिहिलं आणि पतीच्या नावाचा रकाना कोरा ठेवला. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "नाव घाला, नाहीतर कोर्टाचा कागद आणा." डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदललेत हे मला ठाऊक होतं. लग्नाचा दाखला लागत नाही, आईवडिलांपैकी एकाचं नाव पुरतं, आणि विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नावही द्यावं लागत नाही, घटस्फोटाचा हुकूमनामाही नाही. आपल्याच शिबिरात ऐकलेलं. मी म्हटलं, "साहेब, नियम काढून बघा." ते आत गेले, बाहेर आले आणि काही न बोलता शिक्का मारला. पुढे चौकशीला हवालदार घरी आले. त्यांनी विचारलं, "घरात पुरुषमाणूस कोण?" मी म्हटलं, "मीच." ते हसले. त्यांना चहा दिला.

व्हिसाची मुलाखत २०१९ मध्ये मुंबईला झाली. मग लॉकडाऊन आला आणि तो व्हिसा तसाच पडून राहिला. दहा वर्षांचा होता म्हणून पुढे उपयोगी पडला.

आता तिकिटाची गोष्ट. तिकिटावर लिहिलं होतं, तारीख १४, रात्री २ वाजता. मी १४ तारखेची रात्र धरून बसले होते. शेजारच्या मुलीने वाचलं आणि म्हणाली, "काकू, म्हणजे तेराच्या रात्री निघायचं!" विमान माझ्याशिवाय गेलं असतं. तिकिटावरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही बघून घ्या.

सामानात डिंकाचे लाडू, शेपा, बाळंतविडा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढून ठेवाव्या लागल्या. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून मोठ्या बॅगेत चालत नाहीत. कोण्या बाईने एवढं खोबरं नेलं असेल की नियम करावा लागला, देव जाणे. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट खांद्यावरच्या पिशवीत ठेवल्या. मोठी बॅग हरवली तर गोळ्या तरी जवळ राहतात.

मुंबईच्या विमानतळावर चाकाच्या खुर्च्यांची ही मोठी रांग. बसलेल्या बहुतेक सगळ्या आपल्यासारख्या आया. एकीला विचारलं, "पाय दुखतात का हो?" ती म्हणाली, "पायाला काही झालं नाही. इंग्रजी येत नाही. खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस बरोबर दारापर्यंत नेतो." मला आधी राग आला, कारण ज्यांचे गुडघे खरंच गेलेत त्यांना खुर्चीसाठी थांबावं लागतं. पण मग वाटलं, पाट्या वाचता येत नाहीत म्हणून धडधाकट बाईला लंगडी व्हावं लागतं, त्याचा राग त्या बाईवर का काढावा?

मी खुर्ची घेतली नाही. मुलीने एका कागदावर मोठ्या अक्षरांत वाक्यं लिहून दिली होती, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. "हे दार कुठे आहे?" "मला शाकाहारी जेवण हवं." फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. तिथे दाराचा नंबर ऐनवेळी बदलला. मी कागद आणि तिकीट समोर धरत गेले, लोक बोट दाखवत गेले. तीनदा विचारलं. चौथ्यांदा एक साताऱ्याकडची बाईच माझ्या मागे चालत होती, मला विचारत होती! आम्ही दोघी मिळून पोचलो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. पहिल्या विमानात मी खिडकीशी होते आणि शेजारी दोन पुरुष झोपलेले. त्यांना उठवायचं कसं, म्हणून साडेआठ-नऊ तास मी पाणीच प्यायले नाही. उतरले तेव्हा पाय सुजून चपलेत जाईनात, डोकं ठणकत होतं. फार वेळ बसून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्त गोठू शकतं, हे डॉक्टरांनी सांगूनही मी उठले नव्हते. ही सवय विमानातली नाही. एसटीच्या प्रवासात, बाजाराच्या दिवशी, मोर्च्यात आपण हेच करतो. २०११ साली मुंबईत बायांनी मुतारीच्या हक्कासाठी मोहीम सुरू केली, तिच्या पत्रकांवर मी सह्या गोळा केल्या होत्या. आणि विमानात मीच गप्प! दुसऱ्या विमानात वाटेकडेची जागा मागून घेतली. दर दोन तासांनी उठले, वाटेत येरझाऱ्या घातल्या, पाणी प्यायले. पुरुष जागे झाले तर झाले.

शिकागोला अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? मुलगी बाळंत होणार आहे, म्हटलं. इथे नोकरी करणार नाही ना? नाही, म्हटलं, आणि ते खरंच होतं. खाण्याचं काय आणलंय, तेही सांगितलं. लपवलं तर दंड असतो. शिक्का पाहुणीचा मिळाला.

मग तीन महिने ही पाहुणी पहाटे पाचला उठत होती. बाळाची अंघोळ, मुलीचं शेक-शेगडी, पाचजणांचा स्वयंपाक. सहाव्या आठवड्यात मी जावयांना म्हटलं, रविवारी मला सुट्टी. ते गोंधळले. पण पुढच्या रविवारी त्यांनी खिचडी लावली. पाणी जास्त झालं होतं, तरी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मी तळ्याकाठी फिरून आले, एकटी.

परतीच्या वेळी भावाचा फोन आला, न्यायला येऊ का? ये म्हटलं, सामान जड आहे.

पासपोर्टाची फी दीड हजार आहे, साठीच्या पुढे थोडी सूट मिळते. अर्ज फोनवरही भरता येतो. जेवणानंतर मी त्या निंबाखाली बसते. ज्यांना भरायचा असेल त्यांनी आधार कार्ड आणि जन्मतारखेचा कागद घेऊन या. आणि नवऱ्याच्या नावाचा रकाना आला की मला हाक मारा.