रानबदकांचे तिकीट

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टर बोलावयास उभा राहिला की तो रक्तदाब आणि मधुमेह यांवरच बोलणार, असे आपण गृहीत धरलेले असते. आज मी एका चित्रावर बोलणार आहे. हे चित्र येथील टपाल कचेरीत तिकिटाच्या रूपाने मिळते. मात्र ते पत्रावर लावून चालत नाही. येथील लोक त्याला 'डक स्टॅम्प' म्हणतात. रानबदकांचे हे तिकीट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले नसेल, कारण मुळात ते शिकाऱ्यांसाठी आहे. ते आपण का घ्यावे, हाच माझा आजचा विषय.

१९३० नंतरची ती वर्षे अमेरिकेला फार कठीण गेली. मंदी होती, अवर्षण होते, मध्यभागातील राज्यांत धुळीची वादळे उठत होती. पाणथळ जागा निचरा करून आधीच नांगराखाली आणल्या होत्या, उरल्या त्या आटल्या. रानबदकांची संख्या भराभर घटली. अशा वेळी १६ मार्च १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाने दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे आणि त्या पैशातून पक्ष्यांसाठी जमीन राखावी, अशी ती योजना होती.

पहिले तिकीट रंगविले जे नॉरवुड डार्लिंग यांनी. 'डिंग' या नावाने ते ओळखले जात. आयोवा राज्यातील डे मॉइनच्या वृत्तपत्रात ते राजकीय व्यंगचित्रे काढीत. १९२४ साली आणि पुढे १९४३ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. रूझवेल्ट यांच्या धोरणांवर ते टीका करीत, तरीही वन्यजीवांचे खाते सांभाळावयास रूझवेल्ट यांनी १९३४ साली त्यांनाच बोलाविले. टीकाकाराला घरात घेऊन काम सोपविण्याची ही रीत आपल्या संस्थांनीही अभ्यासावी, असे जाता जाता सुचवितो. डार्लिंग यांच्या चित्रात मॅलार्ड जातीची जोडी दलदलीत उतरत आहे. किंमत एक डॉलर. त्या वर्षी ६,३५,००१ तिकिटे खपली.

आज त्या तिकिटाची किंमत पंचवीस डॉलर आहे. डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट थेट जमीन घेण्यास वा राखण्यास जातात. आजवर १२० कोटींहून अधिक डॉलर जमले आणि सुमारे ६० लाख एकर क्षेत्र राखले गेले. वर्गणीतील किती पैसा प्रत्यक्ष कामी लागतो हा प्रश्न आपण आपल्या सभांतून दरवर्षी विचारतो. त्या कसोटीवर हा हिशेब उत्तम उतरतो.

या पैशाने काय उभे राहिले, त्याचे एक उदाहरण देतो. डेलावेअर राज्यात, खाडीच्या काठी, १९३७ साली स्थापन झालेले सुमारे १६,००० एकरांचे एक अभयारण्य आहे. त्याचे नाव 'बॉम्बे हुक'. नाव ऐकून मन हरखते, परंतु आपल्या मुंबईशी त्याचा काही संबंध नाही. छोट्या झाडांचे टोक अशा अर्थाच्या डच शब्दांचा तो अपभ्रंश आहे. तेथील दलदल या तिकिटांच्या पैशातून स्थानिक मालकांकडून विकत घेतली गेली. पण नुसती जमीन घेऊन भागत नाही. बांध घालावे लागतात, तळी करावी लागतात. ते काम १९३८ ते १९४२ या काळात बेरोजगार तरुणांसाठी काढलेल्या शासकीय योजनेतील एका तुकडीने केले, आणि ती तुकडी कृष्णवर्णीय तरुणांची होती. त्या काळी या योजनेतील छावण्याही वर्णभेदाने विभागलेल्या होत्या. आज हिवाळ्यात हजारो पांढरे हिमहंस ज्या पाण्यावर उतरतात, ते त्या हातांनी अडविलेले आहे. चित्रकाराचे नाव तिकिटासोबत छापून येते. फावडे चालविणाऱ्यांचे येत नाही. आपल्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता मुख्य शंकेकडे येतो. मागे एका बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले की शिकारीचा परवाना बौद्ध माणसाने विकत कसा घ्यावा? पहिल्या शिलाचे काय? प्रश्न रास्त आहे. या अभयारण्यांच्या काही भागांत ठरावीक मोसमात शिकार चालते, हेही झाकून ठेवता येणार नाही.

बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आरंभीच सिद्धार्थ आणि देवदत्त यांचा प्रसंग आहे. देवदत्ताच्या बाणाने पाडलेला पक्षी सिद्धार्थ उचलतो, बाण काढतो, शुश्रूषा करतो. आणि पक्षी मारणाऱ्याचा की वाचविणाऱ्याचा, असा वाद लवादापुढे जातो. निवाडा वाचविणाऱ्याच्या बाजूने होतो. येथील पाणथळींचा वाद अजून तितका मिटलेला नाही. २०१८ च्या स्पर्धेत, आणि पुन्हा २०२० साली केलेल्या नियमाने, प्रत्येक चित्रात शिकारीच्या परंपरेची खूण असलीच पाहिजे असे बंधन आले. २०२१ साली ते रद्द झाले. तिकीट केवळ शिकारीच घेत राहिले, तर पक्षी कोणाचा हे तेच ठरवतील. शिकार न करणाऱ्याने तिकीट घेतले म्हणून त्याला बंदूक उचलावी लागत नाही. त्याचे पंचवीस डॉलर त्याच दलदलीत जातात. म्हणून आपण ते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्य म्हणून आणखी एक सांगतो. बदके दाणे दळण्यासाठी वाळूचे खडे गिळतात. शिकाऱ्यांच्या बंदुकीतून चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही खड्यांबरोबर पोटात जात. पोटातील स्नायूंच्या जात्यात ते झिजत, शिसे रक्तात उतरे, पंख लुळे पडत आणि गोळी न लागलेला पक्षी झुरून मरे. जुन्या घरांच्या रंगाचे पोपडे तोंडात घालणाऱ्या मुलांच्या रक्तात जे विष सापडते, तेच हे विष. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९१ साली देशभर बंदी आली. पक्ष्यांकडे नीट पाहणारे लोक होते, म्हणून हे लक्षात आले.

नीट पाहण्यास चित्रासारखे दुसरे साधन नाही. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात आम्हांला प्रत्येक हाड वहीत काढावे लागे. जे हाताने काढले, तेच पुढे रुग्ण तपासताना आठवले. बदकाचेही तसेच. पंख मिटला असता कोणते पीस कोणत्या पिसाखाली जाते, हे काढावयास बसल्याशिवाय कळत नाही. १९४९ पासून या तिकिटाची स्पर्धा सर्वांना खुली आहे. चित्र दहा इंच रुंद, सात इंच उंच. परीक्षक पक्ष्याची ठेवण अचूक आहे की नाही हे पाहतात, आणि दुसऱ्याच्या छायाचित्राची नक्कल चालत नाही. विजेत्याला रोख बक्षीस नसते, स्वाक्षरी केलेला तिकिटांचा एक ताव तेवढा मिळतो; पुढे चित्राच्या प्रती विकून तो कमावतो. १९९१ च्या तिकिटावर प्रथमच स्पर्धा जिंकणाऱ्या स्त्रीचे, नॅन्सी हाउ यांचे, चित्र आले. मिनेसोटाच्या हाउटमन घराण्यातील तीन भाऊ ही स्पर्धा वारंवार जिंकतात. त्यांपैकी ज्यो हे भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट आहेत. मुलाने कुंचला धरला की अभ्यास बुडाला असे मानणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी वेगळी स्पर्धा आहे. बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना ती खुली आहे, नागरिकांच्या तशीच कायम रहिवाशांच्या मुलांनाही. १९९३ साली तिचे पहिले तिकीट निघाले. चित्रासोबत निसर्गरक्षणाविषयी थोडे लिहावयाचे असते. कोणता पक्षी काढावा, असे विचाराल तर तलवार बदक किंवा थापट्या काढा. हे दोन्ही पक्षी या देशातही आहेत आणि हिवाळ्यात महाराष्ट्रातही उतरतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पाणी रामसर यादीत गेले आहे. तेथे हीच बदके दिसतात. चित्र पूर्ण झाले की गावी आजी-आजोबांना पाठवा आणि त्यांच्या बोलीत या पक्ष्याला काय म्हणतात ते विचारून घ्या.

येत्या हिवाळ्यात आपण बॉम्बे हुकला एक दिवसाची सहल काढीत आहोत. चालू वर्षाचे तिकीट दाखविल्यास प्रवेशशुल्क पडत नाही. ते टपाल कचेरीत मिळते. नावे सचिवांकडे द्यावीत. दुर्बिणी माझ्याकडे तीन आहेत, आणखी कोणाकडे असल्यास आणाव्यात. मुलांनी फक्त वही, पेन्सिल आणि खोडरबर आणावे. रंग घरी आल्यावर.

जयभीम.